पडती सुरी धरायची न्हाय

माझ्या डाव्या तळव्यावर चार टाक्यांची खूण आहे, आणि मुलांना सुरी लागू नये म्हणून मी जी खबरदारी घेत होतो, तिच्यामुळेच ती पडलेली आहे.

मुलांना काही झालं नाही. शशीची दहा बोटं शाबूत राहिली, बाळूची दहा शाबूत राहिली. त्या दिवशी आमच्या घरात सुरी धरता न येणारा माणूस एकच होता, आणि रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव त्याचंच होतं!

ही गोष्ट सत्तरनंतरच्या दोन-चार वर्षांतली. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत आमचा संसार. मी, बायको सुमन, दहा वर्षांची शशी आणि सात वर्षांचा बाळू. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपरचं काम म्हणजे माल आत ठेवायचा, कुलूप लावायचं आणि मागायला येईल त्याला "न्हाय" म्हणायचं. हे काम मी इतकं मन लावून करायचो की सायकलवरून घरी आल्यावरही ते थांबायचं नाही.

त्यात मला पात्याची भीती. ती उगाच नव्हती. माझा थोरला भाऊ शंकरदादा गगनबावड्याकडच्या आमच्या गावी असायचा. नऊ वर्षांचा असताना बांधावर गवत कापताना विळ्यानं त्याची तर्जनी मधल्या पेरापासून गेली. मी सहा वर्षांचा, त्याच्याजवळच उभा. पुढं त्याच अर्ध्या बोटानं दादा नांगर धरायचा, तंबाखू मळायचा, मला "हिकडं ये" म्हणून बोलवायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. मी मात्र त्या बोटाकडं बघायचं टाळायचो. शशी रांगायला लागली तेव्हाच मी जाहीर केलं, "पंधरा वर्षांची होईपर्यंत माझ्या पोरांच्या हातात पातं येणार नाही!"

सुरुवातीला सुऱ्या खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेल्या. शशी वाढली, तशा त्या आणखी वर गेल्या. शेवटी अशी वेळ आली की मिरची चिरायची म्हटली तरी सुमनला स्टुलावर चढावं लागे.

"मी पडून मेलो म्हंजे समजंल तुमास्नी," ती म्हणाली. (आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याचा माणूस पहिल्यांदा घरी आला की भांबावून इकडंतिकडं बघतो.)

मग मी स्वयंपाकघरात पत्र्याची ट्रंक आणली. चार सुऱ्या, विळी आणि अडकित्ता आत. वर पितळी कुलूप! स्वयंपाक झाला की सगळी हत्यारं आत जायची आणि चावी सुमनच्या पदराला गाठ मारून.

"पोरगी धा वर्साची झाली," सुमन कुरकुरायची, "अजून तिला आंब्याची फोड मी करून देतोय. उद्या तिच्या सासरी कांदा चिरायला तुमी जानार हायसा व्हय?"

"जाईन."

"तुमास्नी तरी येतोय का?"

येत नव्हता. मला कधी कुणी हातात सुरी दिलीच नव्हती, आणि मी कधी मागितली नव्हती.

रोज सकाळी सायकलवर बसण्याआधी मी विचारायचो, "कुलूप?" आतून आवाज यायचा, "लावलंय की!" संध्याकाळी मुलांना विचारायचो, "सुरीला हात लावला का कुणी?" दोघं एकमेकांकडं बघून म्हणायची, "न्हाय आप्पा." दुपारभर दोघं शेजारच्या हमीदाचाचीकडं असायची. "चाचीकडं काय करता रे?" "केळी खातो." मला समाधान वाटायचं. केळं ही किती निरुपद्रवी वस्तू! ती केळी कशानं कापली जात होती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

हमीदाचाची पन्नाशीची, उंच, आडव्या हाडाची. ती आणि तिचे दोन भाऊ लग्नाकार्याच्या स्वयंपाकाची कामं घ्यायचे. पाचशे पानांचा कांदा ती एकटी चिरायची. तिच्या भिंतीला खिळ्यांवर ओळीनं सुऱ्या टांगलेल्या असत, आणि मला त्या भिंतीकडं बघवत नसे. एकदा न राहवून मी तिला चार शब्द सुनावलेच.

"चाची, तुमच्याकडं पोरं येतात. असली हत्यारं अशी उघड्यावर ठेवणं बरं नव्हे. आमच्याकडं बघा, ट्रंक आहे."

चाचीनं कोबी चिरणं थांबवून वर बघितलं. "तीस वर्सं चिरतो मी, भाऊ. धा बोटं घिऊन आलतो, धाच घिऊन जानार," असं म्हणून ती पुन्हा कोबीकडं वळली.

आणि मग तो आखाड आला.

सुमनला तिसऱ्या खेपेचे दिवस होते. तारखेला अजून पंधरवडा होता. बाळंतपणाला माझी आई गावाहून येणार होती, पण घाटाकडं असा पाऊस लागला की एस.टी. बंद, आई तिकडंच. शुक्रवारी पहाटे सुमनच्या पोटात कळा सुरू झाल्या, रिक्षा आली, आम्ही दवाखाना गाठला आणि दुपारी मुलगी झाली. गोरीगोमटी, ठणठणीत! मी आनंदानं फौंड्रीत पेढे वाटले. सगळं कसं छान झालं होतं.

शनिवारी कुरुंदवाडचा एक ओळखीचा माणूस सासऱ्यांचा निरोप घेऊन आला. "लेक झाल्याचं कळलं. उद्या सकाळच्या गाडीनं सात माणसं येतोय. आखाड हाय. जेवून मग दवाखान्यात जाऊ."

'आखाड हाय' याचा अर्थ कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रविवारी सकाळी सातलाच मी मटण आणलं. (ते दुकानदारानं तोडून दिलं होतं, देव त्याचं भलं करो.) दोन किलो कांदे आणले, काकड्या, कोथिंबीर, आलं, लसूण आणलं. बाही सरसावली. कांदा हातात घेतला आणि सुरीसाठी ट्रंकेकडं वळलो.

कुलूप!

चावी सुमनच्या पदराला. सुमन दवाखान्यात. आणि बायकांच्या खोलीत पुरुषांना दुपारी चारच्या आधी सोडत नसत. मी कुलूप ओढून बघितलं. ते हललं नाही. मीच निवडून आणलं होतं, हलेल कसं? एक क्षणभर मला त्या कुलपाचा अभिमानसुद्धा वाटला.

कुठल्याही शहाण्या माणसानं शेजारी जाऊन सुरी मागितली असती. पण महिन्यापूर्वी मी कुणाला ट्रंकेचं महत्त्व सांगून आलो होतो? चाचीला! आता तिच्या दारात जाऊन 'चाची, जरा सुरी द्या' म्हणायचं? त्यापेक्षा मी पोरांना म्हणालो, "जावा, चाचीकडं बसा. मला काम आहे." आणि दार लोटून घेतलं.

पहिला कांदा मी बुक्कीनं फोडला. शेतात भाकरीबरोबर कांदा असाच फोडतात, त्यात काही वावगं नाही. पण एक कांदा फोडणं वेगळं आणि दोन किलो फोडणं वेगळं. दहाव्या कांद्याला मूठ लाल झाली. पंधराव्याला डोळ्यांतून अशा धारा लागल्या की सोळाव्या कांद्याऐवजी मी पाटावर बुक्की मारली.

मग दाढीचं ब्लेड काढलं. ते कांद्यात गेलं, आणि आतच राहिलं. कांद्याच्या त्या ढिगाऱ्यात आता कुठंतरी ब्लेड होतं! सासऱ्यांच्या घासात जावयाच्या दाढीचं ब्लेड निघालं तर कुरुंदवाडात काय बोलतील, या विचारानं मी गुडघ्यांवर बसून चाचपून चाचपून ते शोधलं. सापडलं तेव्हा देवापुढं उदबत्ती लावली.

शेवटी सायकलच्या पिशवीत हॅकसॉ ब्लेडचा तुकडा होता, तो काढला. लोखंड कापतो, त्याला काकडी काय जड? काकडी कापली गेली नाही. तिचा भुसा पडला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चाचीचा आवाज आला. "काय वो भाऊ! कुनाला मारालायसा सकाळधरनं?"

"काही नाही चाची! कांदा!"

पलीकडं काहीतरी कुजबुज झाली.

थोड्या वेळानं आमचं दार ढकललं गेलं. डोळ्यांतून पाणी वाहत असल्यामुळं मला आधी नुसती एक लहानशी आकृती दिसली. मग दिसली शशी. तिच्या उजव्या हातात वीतभर पात्याची सुरी होती! आज आठवतं की तिनं ती टोक जमिनीकडं करून, हात अंगाशी ठेवून, पावलं मोजल्यासारखी हळू चालत आणली होती. तेव्हा मला फक्त पातं दिसलं.

"शशेऽऽ! सुरी! टाक! नको, टाकू नको! दे हिकडं!"

"आप्पा, हातात द्यायची नस्ती. मी खाली ठेवतो, तुमी उचला."

"दे म्हणतो ना!"

ती पाटावर सुरी ठेवायला वाकली, तोच मी झडप घातली. सुरी माझ्या हातात आली. माझा हात कांद्याच्या रसानं चिकट, निसरडा. मूठ सुळकन सुटली. सुरी खाली निघाली. आणि मी, वीस वर्षं स्टोअर सांभाळलेला, कुठलीही वस्तू कधी जमिनीवर न पडू देणारा माणूस, ती डाव्या हातानं अलगद झेलली.

"पडती सुरी धरायची न्हाय, आप्पा," दारातून बाळू म्हणाला. "मागं सरायचं. पाय बाजूला घ्यायचे. सुरीला पडू द्यायचं. तिला लागत न्हाय."

मी हाताकडं बघितलं. बघायला नको होतं.

पुढच्या दोन मिनिटांत त्या घरात शुद्धीवर असलेली माणसं दोनच होती, एक दहा वर्षांची आणि एक सात वर्षांचा. शशीनं धुतलेला पंचा माझ्या तळव्यावर दाबला. "हात वर धरा. डोक्याच्या वर. आनि बसा खाली." मी बसलो. बाळूनं ती सुरी मुठीला धरून उचलली, पुसली आणि फळीवर भिंतीच्या कडेला सरकवून ठेवली. मला ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना. घसा कांद्यानं बसला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी कुरुंदवाडचे पावणे दारात येऊन उभे राहिले.

सासूबाई सगळ्यांत पुढं. त्यांना काय दिसलं? जावई जमिनीवर बसलेला. एक हात आकाशाकडं. डोळ्यांतून धारा. ओठ हलतायत पण शब्द नाही. शेजारी नात, गंभीर चेहऱ्यानं. देवापुढं उदबत्ती. आणि लेक दोन दिवसांपूर्वी बाळंत झालेली!

"माझी सुमीऽऽऽ!" सासूबाईंनी जो हंबरडा फोडला, त्यानं मंगळवार पेठेतली कुत्री भुंकायला लागली. त्यांच्या मागच्या दोन्ही बायकांनी पदर तोंडाला लावला. सासरे दाराच्या चौकटीला धरून मटकन खाली बसले. मी जोरजोरानं मान हलवून 'नाही, नाही' म्हणत होतो, आणि त्यामुळं सगळ्यांची खातरीच पटत होती.

"आज्जे, गप!" शशी ओरडली. "आई बरी हाय! आप्पा कांदा चिरालतं!"

हंबरडा मध्येच तुटला. सासूबाईंनी कांद्यांकडं बघितलं, काकडीच्या भुशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. जन्मात कुणी माझ्याकडं इतक्या प्रेमानं आणि इतक्या तुच्छतेनं एकाच वेळी बघितलेलं नाही.

सासऱ्यांनी मला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. रविवार असल्यामुळं डॉक्टर बनियनवर होते.

"कशानं कापलं?"

"सुरीनं," सासरे म्हणाले. "जावई फौंड्रीत असत्यात."

"अच्छा, मशीनवर?"

"न्हाय. कुलपं लावत्यात."

डॉक्टरांनी चार टाके घातले. टाके घालताना मला एकच घोर होता. घरी सात पावणे, चुलीवर काही नाही, आणि फळीवर सुरी उघडी! शशी काय करत असेल? बाळू? डॉक्टर पट्टी बांधत असतानाच मी उठायला लागलो. सासऱ्यांनी खांदा दाबून बसवलं. "अवो, बसा की. एकच हात उरलाय."

परत येताना मी जवळजवळ पळत होतो. दारात पोचलो आणि चौकटीतच थांबलो.

माझी शशी विळीवर बसली होती. आमच्याच विळीवर! एक गुडघा वर, विळीचा पाट पायाखाली घट्ट दाबलेला. दोन्ही हातांत कांदा, आणि कांदा पात्यावर असा चालला होता की सुपात पांढऱ्याशुभ्र पातळ कापांचा ढीग पडत होता. तिच्या पलीकडं बाळू एका बोथट सुरीनं काकडी कापत होता. जीभ बाहेर, डावी बोटं कासवानं मान आत घ्यावी तशी मुडपून धरलेली. सासूबाई चुलीपाशी. आणि भिंतीला टेकून हाताची घडी घालून हमीदाचाची उभी. ती कशालाही हात लावत नव्हती. तिचे डोळे मात्र त्या दोन पात्यांवरून हलत नव्हते.

मी तोंड उघडलं. "शशे..." हा शब्द जिभेवर आला होता.

चाचीनं माझ्याकडं न बघताच ओठांवर बोट ठेवलं.

मी ते तोंड तसंच मिटलं. आणि इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर सुमनलासुद्धा सांगितलेली नव्हती. त्या दिवशी बांधावर दादा गवत कापत असताना मी त्याला हाक मारली होती. "दादा, बघ की!" काय बघायचं होतं ते आता आठवतसुद्धा नाही. हाक मारली, आणि पुढच्या क्षणी दादाचं बोट गेलं. ती हाक तीस वर्षं माझ्या कानात होती. सुऱ्या ट्रंकेत घालता येत होत्या, ती हाक घालता येत नव्हती.

म्हणून मी दारात गप्प उभा राहिलो. तो एक कांदा संपेपर्यंतचा वेळ मला त्या तीस वर्षांइतका वाटला. शशीनं शेवटचा काप पाडला, पातं मिटून आडवं केलं आणि मगच मान वर केली.

"आप्पा! लई दुकतंय का?"

"नाही," मी म्हणालो. डोळ्यांतून पुन्हा धारा लागल्या. सगळ्यांना वाटलं, कांदा.

जरा सावरल्यावर मला एक शंका आली. "ही विळी... ही तर ट्रंकेत होती. चावी कुठं मिळाली?"

बाळूनं माझ्याकडं दयेनं बघितलं. "ट्रंक मागनं उघडती, आप्पा. बिजागरीची खीळच न्हाय तिला. दोन वर्सं झाली."

दोन वर्षं! सुमनला माहीत होतं. शशीला, बाळूला माहीत होतं. चाचीला माहीत होतं. फक्त फौंड्रीच्या स्टोअरकीपरला माहीत नव्हतं.

जेवण असं झालं की सासरे दोनदा रस्सा मागून घेऊन तिसऱ्यांदा मागायला लाजले. कोशिंबीर बाळूनं केली म्हटल्यावर त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि त्याची सगळी बोटं एक-एक करून बघितली. मी डावा हात गळ्यात बांधून एका हातानं जेवत होतो. माझी भाकरी शशी मोडून देत होती.

चार वाजता सगळे दवाखान्यात गेलो. सुमननं आधी बाळ आईच्या मांडीवर दिलं, मग माझा हात बघितला, मग शशीकडं बघितलं. शशीनं मान खाली घातली. सुमनला सगळं समजलं.

"दीड वरीस झालं," ती म्हणाली. "मीच चाचीला म्हनलं, पोरास्नी शिकवा. आधी केळं, बोथट सुरीनं. मग काकडी. मग भेंडी. शशीला विळी दिली ती औंदा संक्रांतीनंतर. आनि चाची बाजूला असल्याबिगर एकबी पोरगं काय चिरत न्हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमास्नी सांगितलं असतं तर तुमी चाचीलाबी ट्रंकेत घातलं असतं!"

खोलीतल्या बाकीच्या बाळंतिणीसुद्धा हसायला लागल्या. एका नर्सनं येऊन दम दिला, तोही मलाच.

संध्याकाळी मी चाचीच्या दारात गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तिथं उभा राहिल्यावर सगळं विसरलो. "चाची," एवढंच म्हणालो, "माझ्या पोरांची बोटं..."

"बसा," ती म्हणाली. चहा टाकला. "भाऊ, कुलूप लावलं की पोरं कुलूप काडायला शिकत्यात. सुरी शिकत न्हाईत. आनि भ्या मलाबी वाटतंय. शशी विळीवर बसली की मी अल्लाचं नाव घेत असतो. पन त्वांड मिटून." मग तिनं बशी पुढं केली. "हात बरा झाला की या. केळ्यापासनं सुरू करू."

मी हसलो. ती हसली नाही.

पुढच्या महिन्यात टाके निघाले आणि मी खरोखरच गेलो. दर रविवारी, बाळूच्या शेजारी पाटावर. बाळू माझा मॉनिटर. "आप्पा, बोटं!" "आप्पा, बोलायचं न्हाय!" "आप्पा, तिकडं काय बघतासा?" पहिलं केळं कापायला मला इतका वेळ लागला की ते काळं पडलं. पण चाची कधी रागावली नाही. माझ्या बापानं, आईनं, दादानं, कुणीच जे मला शिकवलं नव्हतं, ते तिनं माझ्या चाळिशीच्या तोंडावर शिकवलं, आणि तेही माझ्या पोरांसमोर, माझी लाज राखून. (म्हणजे जेवढी उरली होती तेवढी.)

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी धीर करून दादाला ते बांधावरचं सांगितलं. "दादा, मी हाक मारली, म्हणून तुझं बोट गेलं."

दादानं तंबाखू मळायची थांबवली. "तू हाक मारलीस? कवा?"

"तेव्हाच की. 'दादा, बघ की' म्हणालो."

"मला ऐकूबी आली न्हवती लेका. मी जांभळीवरच्या पोपटाकडं बघत हुतो," असं म्हणून त्यानं ते अर्धं बोट माझ्या टाळक्यावर हाणलं. "पोपटाला घाल तुज्या ट्रंकेत."

तो खरं सांगत होता की मला सोडवत होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या रात्री मला झोप चांगली लागली, आणि त्याबद्दल मी त्याचा, आणि तो असलाच तर त्या पोपटाचाही, ऋणी आहे.

शशीचं लग्न ठरलं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. लग्नाचा स्वयंपाक अर्थातच चाचीकडं. आता ती खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि तिच्या भाच्या-सुना चिरायच्या. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवामागं कांद्याची पोती आली. माझं मन भरून आलं. अकरा वर्षं मी शिकत होतो. भेंडीपर्यंत पोचलो होतो. मी बाह्या सरसावून चाचीपुढं उभा राहिलो.

"चाची, लेकीचं लग्न आहे. आज मी कांदा चिरणार."

चाचीनं पोत्यांकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं.

"भाऊ, उद्या लेकीचा हात जावयाच्या हातात द्यायचा हाय न्हवं?"

"हो."

"मग त्यो हात आज जपा," ती म्हणाली आणि एक मोठी पाटी माझ्यापुढं सरकवली. "कोथिंबीर निवडा. तिला सुरी लागत न्हाय."

मी पाटी घेऊन चाचीच्या घरच्या दोन चिमुरड्या पोरींमध्ये जाऊन बसलो. एक सहा वर्षांची असेल, एक आठ. मनात म्हटलं, चला, लेकीच्या लग्नात माझाही हात लागतोय, हे काय कमी आहे? मी एक-एक काडी उचलून अगदी मन लावून पानं खुडायला लागलो. पाच मिनिटं गेली. धाकटी पोरगी माझ्याकडं टक लावून बघत होती. शेवटी तिनं माझ्या हातातली काडी हळूच काढून घेतली.

"आजोबा," ती म्हणाली (आजोबा! मी तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती!), "पानं हितं ठेवायची. काड्या टाकायच्या. तुमी उलटं करालायसा."